चौघींचं बँकॉक आणि एकीची एक्सेल शीट

ताई,
आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या डोंबिवली-कल्याणच्या. यंदा पंचेचाळिशी झाली म्हणून दिवाळीनंतर आठ दिवस नवरे-मुलं घरी ठेवून थायलंडला जायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे काय, ग्रुपवर नुसती भांडणं चाललीयत. बँकेतल्या मैत्रिणीने एक्सेल शीट केली आहे: बँकॉक, पट्टाया, फुकेत, मग बसने अंगकोर वाट, तिथून हनोई आणि हालोंगची बोट. पार्लरवालीला देवळं नकोत, तिला एकदा तरी रात्री दोनपर्यंत नाचायचंय. तिसरी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका. घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही, कांदा-लसूणही सोडलेला. पैशांचं ती बोलत नाही, पण मला कळतं. चौथी मी. सगळ्यांचं ऐकता ऐकता मला काय हवंय तेच विसरलेय. त्यात परवा जेवताना दीर म्हणाले, "बँकॉकला? बायका?" तेव्हापासून सासूबाई गप्प आहेत. नवऱ्याची हरकत नाही. जावं का? आणि गेलो तर परत येताना मैत्रिणी राहू का?
– चौघींतली एक

*

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझ्या पत्रात बँकॉकची काळजी कमी आणि ग्रुपची जास्त आहे, आणि ते बरोबरच आहे. मैत्रिणींच्या सहलीत जी भांडणं होतात त्यांची तयारी घरूनच झालेली असते. कोणीतरी न बोलता निघालेली असते. तुमच्यात अशा दोघी आहेत, शिक्षिका आणि तू. त्यामुळे माझा मुख्य सल्ला एका ओळीचा आहे: चौघी एकत्र जा, पण चौघींनी सगळं एकत्र करायचा हट्ट धरू नका. बाकीचं सगळं त्याचा तपशील.

आधी ती शीट. आठ दिवसांत तीन देश! शीटमध्ये 'बँकॉक ते सिएम रीप' (कंबोडियातलं, अंगकोर वाटजवळचं गाव) ही एक ओळ असते. प्रत्यक्षात ती ओळ म्हणजे पहाटे चारचा गजर, टॅक्सी, विमानतळावर दोन-अडीच तास आधी हजर, तासाभराचं उड्डाण, व्हिसाची आणि शिक्क्याची रांग. त्यात सिएम रीपचा विमानतळ २०२३मध्ये गावापासून चाळीस-पन्नास किलोमीटर लांब गेलाय, म्हणजे पुन्हा तासभर गाडी. खोलीत बॅगा टाकेस्तोवर दुपार कलते. असे तीन-चार दिवस निव्वळ सामान ओढण्यात जातात आणि फोटो मात्र सगळे लाउंजमधले येतात.

बसचं तर नावच काढू नका. थायलंड आणि कंबोडियाच्या सीमेवर २०२५मध्ये तोफा चालल्या, माणसं मेली, जमिनीवरची नाकी बंद झाली. त्या वादाचा भरवसा नाही. शिवाय अंगकोरला असं जाता जाता गाठणं मला स्वतःला पटत नाही. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्याने बांधलेलं ते विष्णूचं देऊळ, त्याच्या पूर्वेकडच्या ओवरीत समुद्रमंथनाचं जवळजवळ पन्नास मीटर लांब शिल्प आहे. एका बाजूला असुर, दुसरीकडे देव, मधे वासुकी. ते नीट बघायचं तर सकाळच जाते. तिथे तीन दिवसांचा पास ६२ डॉलरला मिळतो आणि तो दहा दिवसांत कधीही वापरता येतो, तो उगीच नाही काढलेला. बँकवालीला सांग, अंगकोर रद्द नाही, पुढे ढकललंय. हनोईचंही तसंच. नोव्हेंबरात हनोईची हवा छान असते, पण व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो आणि फिरायला निदान आठवडा हवा. ती वेगळी सहल.

पट्टाया सरळ खोडून टाका. बँकॉकपासून दोन तासांवर आहे, समुद्र यथातथाच, आणि पार्लरवालीला जे हवंय ते बँकॉकमध्ये जास्त चांगलं मिळतं.

उरलं काय? चार रात्री बँकॉक, तीन रात्री समुद्र. समुद्र कुठला हे दिवाळीनंतर जाणाऱ्याने नीट बघायला हवं. थायलंडला दोन किनारे आहेत आणि दोन्हींचा पाऊस वेगवेगळा. अंदमान समुद्राकडे, म्हणजे फुकेत आणि क्राबी, साधारण मे ते ऑक्टोबर आपल्यासारखाच पावसाळा. नोव्हेंबरात तो आवरतो, पाणी नितळ व्हायला लागतं. पलीकडे आखाताच्या बाजूला, कोह सामुईला, नेमका तेव्हाच पाऊस जोर धरतो. एजंट 'सामुईला ऑफर आहे' म्हणाला तर ऑफर का आहे ते तुला कळलेलं असू दे.

फुकेत आणि क्राबीत मी क्राबी निवडेन. फुकेत मोठं, गजबजलेलं, टॅक्सीला महाग. क्राबीतल्या आओ नांगला हॉटेल घेतलं की किनारा, बाजार, होडीचा धक्का सगळं पायी. बँकॉकहून विमानाने सव्वा-दीड तास. तिथून रेलेला जा. रेलेच्या मागे चुनखडीचे एवढे उभे कडे आहेत की जमिनीवरून रस्ताच नाही, लांब शेपटीच्या लाकडी होडीनेच जावं लागतं. होडी वाळूपर्यंत येत नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. म्हणून तिथे राहायला जाऊ नका, दिवसभराचं जा. चाकाची बॅग डोक्यावर धरून पाण्यात उभ्या असलेल्या बायका तिथे रोज दिसतात. फी फी बेटांची दिवसाची सहल घेतलीत तर माया बे बघून घ्या. गर्दीने तिथली प्रवाळं मेली म्हणून २०१८ ते २०२२ तो किनारा बंद ठेवला होता, आणि अजूनही ऑगस्ट-सप्टेंबरात बंद असतो. उघडा असला तरी तिथे पोहायला बंदी आहे, त्या आशेने जाऊ नका. राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला ४०० बाट आहे, ते सहलीच्या दरात धरलंय का ते आधी विचारा.

आता बँकॉक. एक पूर्ण दिवस नदीकाठाला द्या. राजवाडा साडेआठला उघडतो, आठलाच पोचा. दहानंतर ऊनही असतं आणि टूर बसेसही. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पंजाबी ड्रेस असला की प्रश्नच मिटतो. फाटकाच्या बाहेर एखादा इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ गोड बोलत सांगेल की आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, चला तुम्हाला वीस बाटांत टुकटुकने दुसरं देऊळ दाखवतो. राजवाडा उघडा असतो. ती टुकटुक हिऱ्या-माणकांच्या दुकानात जाऊन थांबते.

आतल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती ओवरी आहे, तिच्या भिंतींवर रामायणाची १७८ चित्रं आहेत. थायलंडचं रामायण, रामाकियन. हे मात्र घाईत बघू नका. एका चित्रात हनुमानाने एवढं प्रचंड रूप घेतलंय की रामाचा अख्खा महाल त्याने सुरक्षित राहावा म्हणून तोंडात धरलाय, आणि आत सगळे शांत झोपलेत. सोन्याचा वर्ख, मुकुटांवर बारीक नक्षी, आणि कोपऱ्यात चित्रकाराने हळूच घातलेली साधी माणसं. तुमच्या माळकरी मैत्रिणीला एक आधीच सांगून ठेव: त्यांचा हनुमान पांढराशुभ्र आहे आणि ब्रह्मचारी अजिबात नाही. चांगला रंगेल आहे.

तिथून चालत वाट फो (थाई 'वाट' म्हणजे देऊळ), ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध. मग समोरच्या ता तियन धक्क्यावरून चार-पाच बाटांत होडीने पलीकडे वाट अरुण. लांबून ते शिखर नुसतं राखाडी दिसतं. जवळ गेलं की कळतं, चिनी बश्यांचे आणि वाट्यांचे तुकडे बसवून फुलं केली आहेत. या तीन जागांची तिकिटं ५००, ३०० आणि २००, म्हणजे माणशी १,००० बाट. बाट साधारण अडीच-तीन रुपयांचा धर. हा आकडा लक्षात ठेव, पैशांच्या गोष्टीत परत येणार आहे. पार्लरवालीने राजवाडा एक बघावा आणि मग खुशाल वाट फोच्या मालिश शाळेत तासभर पाय चेपून घ्यावेत. तिथली शाळा नावाजलेली आहे आणि मालिश कसं करतात हे तिच्या धंद्याच्या कामाचं आहे.

बँकवालीला एक दिवस तिच्या मनाचा द्या, अयुथयेचा. चौदाव्या शतकात वसलेली सयामची राजधानी, नाव आपल्या अयोध्येवरून, १७६७मध्ये बर्मी फौजेने जाळली. बँकॉकहून साध्या रेल्वेने दीड-दोन तास, तिसऱ्या वर्गाचं भाडं वीसेक बाट. वाट महाथातला झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक आहे. फोटो काढायचा तर खाली बसून काढायचा, आपलं डोकं त्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. रखवालदार ओरडतोच. आणि रेल्वेत, होडीत, रस्त्यावर भिक्षू दिसले तर एक लक्षात असू दे: बाईने भिक्षूला स्पर्श करायचा नाही, वस्तूही थेट हातात द्यायची नाही. होडीत त्यांची जागा राखीव असते, तिथे बसू नका.

आता पार्लरवालीची रात्र. तिची मागणी तुम्ही तिघी हसण्यावारी नेताय असं पत्रावरून वाटतं. नेऊ नका. वीस वर्षं पार्लरमध्ये उभं राहून दुसऱ्यांच्या लग्नांसाठी नटवणाऱ्या बाईला एकदा स्वतः नटून नाचावंसं वाटलं तर त्यात हसण्यासारखं काय आहे? फक्त कुठे जायचं ते आधी ठरवा.

पातपोंग, नाना, सोई काउबॉय ही नावं पुरुषांच्या सहलींमुळे सगळ्यांना माहीत झालेली. तो देहविक्रीचा बाजार आहे. रस्त्यावरून चक्कर मारायला कोणी अडवत नाही, पातपोंगला रात्रीचा कपड्यांचा बाजारही भरतो. पण 'वरच्या मजल्यावर शो आहे, बघायला पैसे नाहीत' म्हणून कोणी बोलावलं तर जिना चढू नका. उतरताना हजारोंचं बिल आणि दाराशी दोन दांडगे असा तो प्रकार असतो. नाचायला थाँग लो किंवा आरसीए (रॉयल सिटी अ‍ॅव्हेन्यू) या भागांतले क्लब बरे. तिथे थाई तरुण मुलंमुली येतात आणि चार मध्यमवयीन बायकांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, हे त्यातलं सुख. दाराशी पासपोर्ट मागतात, वयाची अट वीस वर्षांची आहे, तुमचे केस बघूनही मागतात. ज्यांना ढणढणाट सोसत नाही त्यांच्यासाठी व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ सॅक्सोफोन नावाची जुनी जागा आहे, तिथे रोज जाझ आणि ब्लूज वाजतं, बसून ऐकता येतं. माझं ऐकशील तर एक रात्र चौघी तिथे जा. दुसऱ्या रात्री पार्लरवाली आणि जिला हवं ती नाचायला, उरलेल्या दोघी झोपायला.

छपरावरचे बार दिसायला सुंदर, महानाखोन टॉवरवर तर तीनशेहून अधिक मीटर उंचीवर काचेच्या जमिनीवर उभं राहता येतं. पण मेनूत किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं असली की दहा टक्के सेवाशुल्क आणि सात टक्के कर वेगळे, हे ऑर्डर देण्याआधी बघा. चपला घालून गेलात तर आत सोडणार नाहीत.

पिण्याबद्दल जरा गंभीरपणे. नोव्हेंबर २०२४मध्ये शेजारच्या लाओसमध्ये, वांग व्हिएंगला, मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी पर्यटक मेले. त्यात विशीच्या पोरी होत्या. फुकटचा शॉट, बादलीतलं कॉकटेल, बिननावाच्या बाटलीतली व्होडका याला हात लावायचा नाही. डोळ्यांदेखत उघडलेली बिअर सगळ्यात सुरक्षित. मिथेनॉलचं दुखणं लगेच कळत नाही. बऱ्याच तासांनी डोकं ठणकतं, पोटात ढवळतं, नजर धूसर होते, आणि माणूस त्याला हँगओव्हर समजून झोपून राहतो. नजर धूसर झाली की झोपायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. बाकी नियम साधे: दोघी गेल्या तर दोघीच परत येतील, ग्लास हातातून सोडायचा नाही, हॉटेलवर परतायला ग्रॅब या टॅक्सी-अ‍ॅपची गाडी, जिचा नंबर दुसरीच्या मोबाइलवर गेलेला असेल. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, सगळ्यांनी साठवा. गांजाची दुकानं दिसतील, पण जून २०२५पासून तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तो मिळायला नको असा नियम आहे, आणि पुडी चुकून बॅगेत राहून मुंबईला उतरलीत तर तो अमली पदार्थांचा गुन्हा. ई-सिगारेटवर तर थायलंडमध्ये बंदीच आहे. घरातल्या कोणाची बॅग मागून आणणार असाल तर तिचे कप्पे झटकून घ्या.

खाण्याचं. तुम्ही सगळ्या 'तिचं काय होणार' म्हणून हवालदिल आहात, आणि गंमत अशी की चौघींत तिचंच सगळ्यात सोपं आहे. थायलंडमध्ये चिनी वंशाच्या बौद्धांचा एक आहार आहे, त्याला 'जे' म्हणतात. त्यात मांस, मासे, अंडी, दूध नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. म्हणजे तुमच्या मैत्रिणीपेक्षा एक पाऊल पुढेच. दुकानावर पिवळी पाटी किंवा झेंडा असतो, त्यावर लाल अक्षरं, लांबून इंग्रजी १७ आकड्यासारखी दिसतात. फूड कोर्टात, बाजारात, देवळांच्या आसपास ही पाटी शोधायची आणि 'किन जे' म्हणायचं. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. भाजीचा रस्सा म्हणून समोर येतो त्यात माशांचं पाणी असतं, नाम प्ला. ते आपल्या मिठासारखं सगळ्यात पडतं. सोम तामचंच, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीचं, उदाहरण घ्या. हातगाडीवरची बाई मोठ्या मातीच्या खलात लसूण-मिरची ठेचते, त्यावर गूळ, लिंबू, मग चिमूटभर सोडे आणि नाम प्लाचा चमचा, आणि शेवटी कच्च्या पपईचे लांब तुकडे घालून ठोकते. बघायला काही नाही, सगळं हिरवं-लालच दिसतं. सोडे मधे कधी पडले कळतही नाही. तिने ते खाऊ नये, तुम्ही तिघींनी मात्र जरूर खा.

मासे-मटण खाणाऱ्या तिघींसाठी चार शब्द: 'काय' कोंबडी, 'मू' डुक्कर, 'कुंग' कोलंबी, 'नुआ' गोमांस. डुक्कर सगळीकडे आहे, ते चालत नसेल तर दर वेळी विचारा. संध्याकाळी याओवारातला, म्हणजे तिथल्या चायनाटाउनला जा. कोळशावर भाजलेली मोठी कोलंबी, कालवांचं कुरकुरीत ऑम्लेट, मिरीच्या झणझणीत रश्शातल्या गुंडाळीदार शेवया. तिथे चिनी वस्ती असल्यामुळे जेची दुकानंही आहेत, त्यामुळे चौघी एका रस्त्यावर जेवू शकता, एका टेबलावर नसलात तरी. आणि नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा चौघींना चालतो. कोणी काही म्हणो, हापूसची सर त्या आंब्याला नाही, पण भातासोबत तो बरोबर जमतो. अगदीच कंटाळा आला तर फाहुरातला गुरुद्वाऱ्याभोवती आपल्याकडच्या जेवणाची हॉटेलं आहेत. दिवाळीनंतर जाताय, म्हणजे चिवडा आणि शंकरपाळे उरलेले असतीलच. मेतकुटाची पुडी घ्या. क्राबीत होडीवर जो डबा देतात त्यात शिक्षिकेला भात आणि अननसाशिवाय काही मिळायची शक्यता कमी, तो दिवस मेतकूट-भाताचा धरून चाला.

आता जिथे खरी गाठ आहे तिथे येऊ. पैसा. रस्त्यावरची एक ताटली साठ-सत्तर बाटांना मिळते. छपरावरचं एक कॉकटेल चारशेच्या पुढे. म्हणजे एकीचा एक ग्लास दुसरीची पाच-सहा जेवणं. बिल 'भागिले चार' केलं की शिक्षिका काही बोलणार नाही, पैसे देईल, आणि परत आल्यावर हळूहळू ग्रुपमधून दिसेनाशी होईल. भाईचारा म्हणून जे भागिले चार करतात ते बहुतेकदा जास्त पिणारेच असतात, हे माझं निरीक्षण. म्हणून काँट्री काढा, पण कशाची ते आधी लिहून ठेवा: राहणं, विमान, टॅक्सी, रेल्वे, क्राबीची होडी. जेवण, तिकिटं, दारू, खरेदी, मालिश आपापलं. तिला बजेट सगळ्यांसमोर विचारू नकोस. एकटीला फोन कर आणि सरळ विचार, "तुझा आकडा किती?" तो आकडा येईल त्यात हॉटेल बसव. बाकीच्या तिघींना महागडी खोली परवडत असली तरी बसव. बँकॉकमध्ये स्काय ट्रेनच्या स्टेशनाजवळचं साधं, स्वच्छ हॉटेल हे लांबच्या चकचकीत हॉटेलपेक्षा केव्हाही बरं. आणि तिच्या वाट्याचे पैसे तिघींनी गुपचूप भरायचा विचार मनात असेल तर काढून टाक. तिला कळेलच, आणि तिला ते आवडणार नाही.

राजवाड्याच्या दिवशीचे हजार बाट आठवतात ना? तिने म्हटलं की मी फक्त राजवाडा बघते आणि तुम्ही येईपर्यंत धक्क्यावर बसते, तर 'अगं चल गं, मी भरते' असं कोणी म्हणायचं नाही. बसू दे. नदीवर बघण्यासारखं पुष्कळ आहे. रोज दुपारी दोन ते सहा आपापली, हा नियम मी तर कागदावर लिहून घेईन. कोणी झोपेल, कोणी मॉलमध्ये जाईल, आणि तूही त्या चार तासांत काहीतरी शोधशील. 'मला काय हवंय तेच विसरलेय' असं तू लिहिलंस, त्याचं उत्तर मी कुठून देणार? पण चौघींचं वेळापत्रक आठवडाभर सांभाळत बसलीस तर तेही शोधायला वेळ मिळायचा नाही.

दिरांचं. त्यांना बँकॉकबद्दल जे माहीत आहे ते कुठून माहीत झालं, हे त्यांना कोणीतरी जेवतानाच विचारायला हवं. तू विचारू नकोस, नवऱ्याला विचारू दे, त्याचा भाऊ आहे. बाकी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र घरी खोटं सांगू नकोस. 'सिंगापूरला चाललोय' किंवा 'बौद्ध देवळांची यात्रा आहे' असलं काही नको. पासपोर्टवर शिक्का बँकॉकचाच बसणार आणि पार्लरवाली फोटो टाकणारच. हॉटेलांचे पत्ते, विमानांच्या वेळा, तिघींचे नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लाव.

सासूबाईंचा गप्पपणा मी वेगळा मानते. त्यांना कदाचित राग नसेल, भीती असेल. त्यांच्याशी एकटीने बोल, आणि पटवायला जाऊ नकोस, नुसतं सांग कुठे कुठे जाणार ते. भिंतीवरचा पांढरा हनुमान सांग (रंगेलपणा वगळ). आणखी एक गोष्ट सांग. थाई लोक त्यांच्या बाराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला लॉय क्राथोंग करतात, आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारासच. केळीच्या खांबाचा गोल काप, त्याला केळीच्या पानांच्या पाकळ्या, वर झेंडूची फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती, आणि ते नदीत सोडायचं. दिवाळीनंतर जाताय तर तारखा त्याला धरून काढता येतात का बघा, सगळ्या धक्क्यांवर गर्दी असते आणि क्राथोंग तिथेच विकत मिळतात. एक त्यांच्या नावाने सोडून ये. याने त्या बोलायला लागतीलच असं नाही, पण विचारतील बहुतेक.

खोल्या दोन घ्या आणि जोड्या मैत्रीवरून लावू नका, झोपेवरून लावा. पहाटे उठणाऱ्या एका खोलीत, उशिरा येणाऱ्या दुसऱ्या खोलीत. जी घोरते ती कबूल करणार नाही, बाकीच्यांनी शाळेच्या सहली आठवाव्या. क्राबीत कोणी स्कूटर भाड्याने घेऊ म्हणाली तर नाही म्हणा. आंतरराष्ट्रीय परवाना आणि त्यात दुचाकीची नोंद नसेल तर अपघात झाल्यावर प्रवासविमा हात वर करतो, आणि तिथली खासगी रुग्णालयं स्वस्त नाहीत. विमा मात्र चौघींचा काढा.

राहिलं कागदांचं, आणि ते काम बँकवालीला दे. तिची शीट आपण एवढी कापली, तिला काहीतरी भरीव हवंच. चौघींचे पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपुढे निदान सहा महिने चालू आहेत का, ते तिने आजच बघावं. थायलंडने नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला, पण ही सवलत आणि तिची मुदत बदलत राहते, म्हणून तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या वेळचा नियम वाचावा. १ मे २०२५पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं आहे. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, सरकारी साइटवर फुकट. पैसे मागणारी साइट दिसली की ती दलालाची. एटीएमला दर वेळी दोनशेच्या वर बाट शुल्क लागतं, म्हणून थोडे बाट आणि फॉरेक्स कार्ड इथूनच घ्यावं, आणि एकदाच मोठी रक्कम काढावी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग यांचे छापील कागद चौघींच्या चार पाकिटांत घालावेत, एकीच्याच मोबाइलात ठेवू नयेत. हे सगळं तिने नव्या शीटमध्ये घालावं. रंग हवे तेवढे वापरू दे.